रंगवलेला कीटक-जीवाश्म कसा ओळखायचा: भिंग, तिरपा उजेड आणि यूव्ही टॉर्च

2019 साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या एका कोळ्याच्या जीवाश्माचं वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. यीशियन थरांतला, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, आकाराने चांगलाच मोठा कोळी. नाव दिलं गेलं मोंगोलाराक्ने चाओयांगेन्सिस. लेखात बारकावे फार नव्हते, म्हणून बीजिंगच्या संशोधकांनी मूळ नमुना मागवून घेतला आणि कॅन्सस विद्यापीठातले जीवाश्म-कोळ्यांचे जाणकार पॉल सेल्डन यांनी तो पाहिला. शरीराचे काही भाग गायब, पायांना नको तितके सांधे, डोळे अवाढव्य. हा कोळी असणं शक्यच नव्हतं. मग आहे काय? बीजिंगचे चुंगकुन शी यांनी सुचवलं की त्या भागात क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे प्राणी, भरपूर सापडतात. कोणीतरी खराब निघालेल्या क्रेफिशला पाय रंगवून कोळी केला असेल.

आणि तसंच निघालं. खास उजेडात पदार्थ कोणत्या रंगात चमकतात ते दाखवणाऱ्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाटीने, म्हणजे जीवाश्म असलेल्या दगडाच्या चपट्या तुकड्याने, चार वेगवेगळे रंग दाखवले. पांढरा चमकला तो तुटलेली पाटी जोडायला वापरलेला सिमेंटसारखा पदार्थ, पिवळा तेलरंग, निळा मूळ खडक आणि लालसर होता तो खरा क्रेफिश. त्याच वर्षाच्या शेवटी हा सगळा उलगडा छापूनही आला.

या प्रकरणातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी शरीररचना जुळेना, म्हणून शंका आली. दिव्याने नंतर फक्त पुरावा दिला. बरेच हौशी संग्राहक उलटं करतात. यूव्ही (अतिनील) टॉर्च विकत घेतात आणि कीटकाला पाय कुठून फुटतात हे पाहतच नाहीत. रंग लावणारा माणूस कसबी असू शकतो, पण तो त्याच्या डोक्यातला कीटक काढत असतो आणि तिथेच पकडला जातो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडे पाच फोटो मागा: समोरून साध्या उजेडात, बाजूने तिरप्या उजेडात, पाटीच्या कडेचा, मागच्या बाजूचा आणि यूव्हीखालचा. वर एक थेट प्रश्न विचारा: "यावर डागडुजी कुठे आणि कशाने केली आहे?" प्रामाणिक विक्रेता सांगतो की पाटी दोन तुकड्यांत होती, जोडली आहे, वरून पॅरालॉइडचा, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या पारदर्शक लेपाचा, हात दिला आहे. यात गैर काही नाही. संग्रहालयातही नमुने जोडले जातात, फक्त तिथे त्याची नोंद ठेवतात. "शंभर टक्के नॅचरल" एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा, कारण पातळ थरांच्या खडकातली मोठी पाटी एकसंध निघणं दुर्मिळ असतं.

नेमकं ठिकाण आणि थराचं नाव विचारा, आणि ते कायद्याच्या बाजूनेही तपासा. ब्राझीलच्या सिआरा राज्यातल्या क्रातो थरांतले कीटक ऑनलाइन सर्रास दिसतात. ब्राझीलमध्ये 1942 च्या कायद्यानुसार जीवाश्म ही देशाची मालमत्ता आहे. म्हणजे ती पाटी खोटी असेल तर पैसे बुडाले आणि खरी असेल तर ती बहुधा चोरून बाहेर आलेली. चीनमध्येही 2011 पासून जीवाश्मांसाठी कडक नियम लागू आहेत. अशा पाट्यांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटो हातात आले की रिव्हर्स इमेज सर्च करा. तोच चतुर, तीच मोडलेली पंखाची कड, तोच डाग तीन दुकानांत दिसला तर ते साच्यातून काढलेलं असू शकतं किंवा फोटो चोरलेला असतो.

पहिली पायरी: कीटक वाचा

भिंग घेण्याआधी नुसत्या डोळ्यांनी मोजा. कीटकाला सहा पाय असतात आणि ते सहाही छातीला जोडलेले असतात. पंखही छातीलाच. पोटाला पाय नसतात. हे शाळेत शिकलेलंच आहे, पण रंगवलेल्या नमुन्यात मागची जोडी कितीतरी वेळा पोटातून निघालेली असते, कारण चित्र म्हणून ते जास्त समतोल दिसतं.

मग एक पाय धरून त्याचे भाग मोजा. बुडाशी कॉक्सा, मग छोटा ट्रोकँटर, मग जाड फीमर, बारीक लांब टिबिया आणि शेवटी तुकड्यातुकड्यांचा टार्सस. जाडी प्रत्येक सांध्यापाशी बदलायला हवी. बुडापासून टोकापर्यंत एकसारख्या जाडीची, मधे एकदाच वाकलेली रेघ म्हणजे ब्रशचं काम. कोळी असेल तर शरीराचे दोन भाग, आठ पाय आणि प्रत्येक पायाला सात भाग. पोटावर ठळक वलयं ओळीने दिसली तर तो कोळी आहे का, हाच प्रश्न आधी विचारा.

मिशांकडे, म्हणजे स्पर्शिकांकडे, खास लक्ष द्या. जीवाश्मात सगळ्यात आधी तुटतात त्या याच, आणि रंगवणाऱ्याला सगळ्यात जास्त मोह होतो तोही यांचाच. दोन्ही पूर्ण लांबीच्या, दोन्हींची वळणं आरशातल्यासारखी सारखी आणि कुठेही खंड नाहीत, असं असेल तर त्या नंतर काढलेल्या असण्याची शक्यता दाट आहे.

पंखांवर थोडा जास्त वेळ घालवा, खोटं काम इथेच सहज उघडं पडतं. चतुराच्या पंखाच्या पुढच्या कडेवर साधारण मध्याला एक खाच असते, तिला नोडस म्हणतात. टोकाजवळ एक गडद चौकट असते, ती टेरोस्टिग्मा. मुख्य शिरा आळीपाळीने उंच आणि खोल असतात, कारण पंखाला सूक्ष्म घड्या असतात. दगडातल्या ठशातही ही चढ-उतार बहुधा उरते. रंगवलेल्या शिरा एका पातळीवर सपाट बसतात.

पंख एकमेकांवर आले असतील तर आणखी चांगलं. दाबल्या गेलेल्या खऱ्या जीवाश्मात वरच्या पंखातून खालच्याच्या शिरा दिसतात, दोन जाळ्या एकमेकींत मिसळतात आणि तो भाग दुपटीने गडद होतो. चित्र काढणारा मात्र खालचा पंख वरच्याच्या कडेपाशी थांबवतो, कारण चित्रकलेत मागची वस्तू पुढच्या वस्तूआड जाते. दगड तसं करत नाही.

दुसरी पायरी: तिरपा उजेड

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. मग पाटी हळूहळू गोल फिरवा. आता दगडाची उंचसखल बाजू उठून दिसते. या उजेडात तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, भेगा. कीटक थरात गाडला गेला त्यानंतर कोट्यवधी वर्षांत दगडाला भेगा पडल्या, म्हणून भेगेने कीटकाला कापलेलं असायला हवं. भेगाळलेल्या भिंतीवर चुना मारावा तसा पायाचा रंग भेगेत उतरलेला किंवा भेगेवरून अखंड गेलेला दिसला, तर तो भेगेनंतर आला आहे. कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरांनाही हेच लागू. मँगनीज-लोहाच्या झाडासारख्या काळ्या नक्ष्या, म्हणजे डेंड्राइट, जर्मनीच्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत भरपूर दिसतात. त्या कीटकावर चढलेल्या असू शकतात; कीटकाची रेघ त्यांच्यावर चढलेली असेल तर गडबड आहे.

दुसरी गोष्ट फार कमी लोक पाहतात. शेल (चिखलाचा बनलेला पातळ थरांचा खडक) किंवा पातळ चुनखडी फुटते तेव्हा पृष्ठभाग सगळा एकाच थराचा नसतो. कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे एक मिलिमीटर खालचा थर उघडा पडतो, बारीक पायरी तयार होते. कीटक मात्र सहसा एकाच थरावर पडलेला असतो. पाय त्या पायरीपाशी आला की तिथे संपायला हवा. खालच्या थरावर त्याचा पुढचा भाग असण्याचं काही कारण नाही. आता पायरीवर भिंग लावा. वरच्या थरावर फीमर तपकिरी, किंचित उठावदार, त्यावर बारीक तडे. पायरीच्या उभ्या कडेवरून एक गुळगुळीत काळसर रेघ खाली उतरते आणि खालच्या थरावर टिबिया म्हणून पुढे चालू लागते. त्या उभ्या कडेवरची रेघ हीच सगळी कबुली. इथे माझ्यापुरती तरी पुढच्या चाचणीची गरज उरत नाही.

तिसरी, चकाकी. पाटी हलवताना कीटकाचा काही भाग ओलसर चमकतो आणि बाकीचा मंद राहतो का, ते पाहा. चमक लाखेची किंवा साध्या संरक्षक लेपाची असू शकते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका. फक्त ती जागा लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: भिंग

जवाहिऱ्यांचं दहापट भिंग पुरतं. शक्य असेल तर यूएसबी सूक्ष्मदर्शक घ्या, म्हणजे फोटो ठेवता येतात. संशयाच्या जागेपासून सुरू करू नका. आधी जो भाग नक्की खरा वाटतो, सहसा छाती किंवा पोटाचा मधला भाग, तो नीट पाहा. त्याचा रंग, कणांची वीण, तडे डोळ्यांत भरून घ्या आणि मग पायांच्या टोकांकडे सरका.

खऱ्या भागात रंग दगडाच्या कणांसोबत जातो. कार्बनची पातळ पापुद्र्यासारखी साय असेल तर तिला सुकलेल्या चिखलासारखे बहुकोनी तडे असतात. क्रातोच्या कीटकांत मूळ शरीराच्या जागी लोहाची खनिजं असतात, म्हणून ते केशरी-तपकिरी आणि बहुधा फुगीर दिसतात. रंग मात्र कणांच्या मधल्या खड्ड्यांत साचतो आणि कणांच्या डोक्यावर विरळ होतो. रेघेच्या शेवटी थेंबासारखा जाड ठिपका दिसतो, कारण ब्रश तिथे उचलला गेला. कधी ब्रशचा केसही अडकलेला सापडतो.

कोरीव काम वेगळं ओळखू येतं. सुईने खरवडलेल्या रेघेच्या दोन्ही कडांवर दगडाची ताजी, फिकट पूड असते आणि तळ सरळ असतो. पण नमुना साफ करणाराही सुईच वापरतो. त्याचे ओरखडे पायाच्या बाजूने जातात. खोटे ओरखडे म्हणजे स्वतः पायच.

पाटीचे दोन भाग, ठसा आणि उलटठसा, एकत्र विकायला असतील तर तेही जुळवून पाहा. एका बाजूला उंचवटा असेल तिथे दुसऱ्या बाजूला खोलगट हवं. शिवाय दगड फुटताना मूळ द्रव्य दोन्हींत वाटलं जातं, त्यामुळे एकीकडे जे गळालं ते दुसरीकडे मिळतं. दोन्ही बाजूंना सगळंच पूर्ण आणि तितकंच गडद असेल तर एक बाजू दुसरीवरून काढली आहे.

चौथी पायरी: यूव्ही

365 नॅनोमीटरची, गाळणी असलेली टॉर्च घ्या. नोटा तपासायची स्वस्त जांभळी टॉर्च साधारण 395 ची असते. तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की मंद चमक त्यात बुडून जाते. यूव्ही अडवणारा चष्मा लावा, खोली पूर्ण काळोखी करा, डोळे दोन मिनिटं स्थिरावू द्या.

आधी पाटीची मागची बाजू पाहा, म्हणजे या दगडाची मूळ चमक कोणती ते कळेल. काही चुनखडी स्वतःच चमकते. मग पुढे वळा. अराल्डाइटसारखे गोंद सहसा निळसर-पांढरे उजळतात आणि जोडाची रेषा वीज चमकावी तशी दिसते. काही रंग पिवळे चमकतात, काही उलट काळेकुट्ट राहतात, विशेषतः कार्बनचे. म्हणून "चमकला नाही, म्हणजे खरा" हा हिशेब चुकीचा. पाहायचं ते एवढंच की एकाच पायाचा वरचा आणि खालचा भाग एकसारखं वागतो का. निळे चमकणारे बारीक धागे दिसले तर घाबरू नका, ते कपड्यांचे तंतू असतात.

रंगाचा लेप किती काळ डोळ्यांत धूळ टाकू शकतो, याचं उदाहरण कीटकांबाहेरचं आहे पण सांगायलाच हवं. इटालियन आल्प्समध्ये 1931 साली सापडलेला ट्रायडेंटिनोसॉरस हा सरपटणारा प्राणी त्वचेच्या ठशासाठी नावाजला होता. 2024 साली जीवाश्म-संशोधक व्हॅलेंटिना रॉसी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती त्वचा म्हणजे कोरलेल्या दगडावर दिलेला काळा रंग होता. सुरुवात यूव्हीखाली सगळी पाटी पिवळी चमकण्यापासून झाली. त्यातली मागच्या पायांची हाडं मात्र खरी होती.

पाचवी पायरी: ॲसिटोन, जपून

नमुना तुमचा असेल तरच. शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि रंग असतो. खिडकी उघडी, गॅस बंद. इअरबड ओला करून टिश्यूवर टिपा आणि संशयित पायाच्या टोकावर एकदाच टेकवा. घासू नका. बडवर काळा किंवा तपकिरी ओघळ आला तर भिंगाखाली पाहा: एकसारखा पातळ ओघळ म्हणजे रंग, सुटे दाणे म्हणजे कदाचित खरं खनिज किंवा कार्बनच निघतोय. दाणे दिसले की तिथेच थांबा. नुसता चिकटपणा आला आणि रंग आला नाही तर तो संरक्षक लेप आहे. पॅरालॉइडही ॲसिटोनमध्ये विरघळतो. काही आधुनिक रंग सुकल्यावर ॲसिटोनला दाद देत नाहीत, त्यामुळे बड कोरा राहिला म्हणजे नमुना खरा ठरला असं नाही. व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल चुनखडीवर लावू नका, दगडच झिजतो.

अंबरमधले कीटक

अंबर म्हणजे झाडाची घट्ट होऊन जीवाश्म बनलेली राळ. इथे रंगापेक्षा पोकळी आणि प्लॅस्टिकचा प्रश्न असतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी होती. विली हेनिग यांच्यासारख्या दिग्गज जर्मन कीटकशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात ती अस्सल मानून तिच्यावर लिहिलं, कारण आजच्या फॅनिया माशीसारखीच माशी इतकी जुनी निघणं हे मोठं नवल होतं. 1993 साली जीवाश्म-कीटकांचे अभ्यासक अँड्र्यू रॉस ती पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक भेग उमटली. अंबर खरं होतं. कोणीतरी त्याचे दोन काप केले होते, एका कापात खळगा केला होता, आजची माशी त्यात ठेवून काप पुन्हा चिकटवले होते.

म्हणून अंबर बाजूने पाहा, वरून नव्हे. एका पारदर्शक भांड्यात दाट साखरेचा पाक गार करून घ्या आणि तुकडा त्यात बुडवा. वरचे ओरखडे नाहीसे होतात आणि आतला जोड दिसू लागतो. कीटकाच्या पातळीवर सरळ सपाट रेषा, तिच्यावरच ओळीने बुडबुडे, वरच्या-खालच्या अर्ध्यांच्या रंगात फरक, ही जोडाची खूण. खऱ्या राळेत ओघळांच्या वक्र रेषा असतात आणि त्या कीटकाला वळसा घालतात. दिवा एलईडीच वापरा.

कोणता कीटक आहे, यावरूनही बरंच कळतं. बाल्टिक अंबरमध्ये बहुसंख्य कीटक म्हणजे काही मिलिमीटरच्या माश्या आणि चिलटं. शरीर बऱ्याचदा वेडंवाकडं, एका बाजूला दुधी साय चढलेली. मोठे कीटक चिकातून सुटून जात. हजार-दोन हजारांत मध्यभागी ऐटीत पसरलेला विंचू किंवा प्रार्थनाकीटक मिळत असेल तर तो पॉलिएस्टर रेझिनमध्ये ओतलेला आहे.

मिठाच्या पाण्याची चाचणी सोपी आहे. 250 मिलिलिटर पाण्यात 45 ते 50 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. अंबर तरंगतं, काच, बॅकेलाइट आणि पॉलिएस्टर बुडतात. पण पॉलिस्टायरीन आणि कोपल, म्हणजे कोवळी राळ, हीसुद्धा तरंगतात. कोपलसाठी कडेला ॲसिटोनचा एक थेंब टाका. काही सेकंदांत बोटाला चिकट लागलं तर कोपल. बाल्टिक अंबरला सहसा काही होत नाही.

या नियमाला आपल्या शेजारीच अपवाद आहे. गुजरातमधल्या सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचं अंबर मिळतं. साल-गर्जन यांच्या कुळातल्या झाडांची ही राळ पूर्ण घट्ट झालेली नाही, ती द्रावकात विरघळते. म्हणूनच संशोधकांना तिच्यातून अख्खे कीटक सोडवून काढता आले. 2010 साली तिथल्या सातशेहून अधिक संधिपाद प्राण्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्या अंबरला ॲसिटोन लावाल तर अस्सल तुकडा खोटा ठरवाल आणि वर तो बिघडवाल. गरम सुईची चाचणी तर कोणत्याच अंबरवर करू नका, कायमचा डाग पडतो.

तरीही ठरत नसेल तर

अंबर की प्लॅस्टिक हे रत्नपरीक्षण प्रयोगशाळा अवरक्त वर्णपटाने सांगू शकते. बाल्टिक अंबरची त्यात ठळक खूण असते. दगडी पाटीसाठी सीटी स्कॅनमध्ये आतले जोड दिसतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या क्ष-किरण विश्लेषणात रंगातली मूलद्रव्यं. टायटॅनियमचा ठळक ठसा फक्त रंगवलेल्या पायावर मिळाला, बाजूच्या दगडात नाही, तर तो आधुनिक पांढऱ्या रंगाचा असण्याची शक्यता मोठी. हे सगळं खर्चिक आहे, म्हणून नमुना तेवढ्या मोलाचा असेल तरच.

खोटेपणा सापडला की रंग पुसून काढायची घाई करू नका. आधी साध्या, तिरप्या आणि यूव्ही उजेडात फोटो घ्या, मूळ चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा, विक्रेत्याला फोटोंसह कळवा. खाली काय आहे ते अजून ठरलेलं नसतं. लिआओनिंगच्या त्या पाटीत रंगाखाली खरा क्रेफिश होता आणि तो अभ्यासाच्या उपयोगी पडलाच. नमुना पुढे कोणाला दिलात तर चिठ्ठीवर तारखेसह स्पष्ट लिहा: "शरीर खरं, डाव्या बाजूचे तीन पाय आणि दोन्ही स्पर्शिका रंगवलेल्या, 365 नॅनोमीटर यूव्हीखाली तपासलं." ही चिठ्ठी पाटीच्या मागे सुट्या कागदावर न ठेवता पाकिटात घालून पाटीसोबत बांधा, कारण सुटी चिठ्ठी पुढच्या मालकापर्यंत क्वचितच पोचते.